अकरा किलो

मॅटलॉकच्या दफ्तरखान्याचं तळघर,
डिसेंबर दोन हजार तीन.
कायद्याने दिलेल्या मुदतीतले शेवटचे तीन आठवडे.
भिंतीला टेकून नऊ लाल टाक्या,
कमरेला पट्टे,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलांसारख्या.

डेस्मंड ट्रँटर किल्ल्यांचा जुडगा चाळवत म्हणाला,
"एकोणीस वर्षं झाली. एकदाही सुटला नाही."
अभिमानाने की खंतीने,
त्याच्या डार्बिशरी हेलातून मला कळेना.
दर सोमवारी खाली यायचं, काटा बघायचा.
हिरव्यात. सही.
हिरव्यात. सही.
चौथी वही चालू होती.

आत नेमकं असतं काय, त्याने विचारलं.
एकोणीस वर्षांनी.

म्हटलं, हॅलॉन.
रंग नाही, वास नाही, हवेच्या पाचपट जड.
कागद भिजवत नाही, शाई फुटू देत नाही,
मागे चिमूटभर भुकटीही ठेवत नाही.
खोलीतल्या हवेच्या शंभर भागांत पाच-सहा भाग झाला की पुरे.
आधी घंटा, मग तीस सेकंद माणसांना पळायला,
मग भस्सकन धुकं,
आणि आग बसते.

"गुदमरून?"

नाही. तेवढ्या हवेत तूही घटकाभर तगशील.
आग म्हणजे साखळीची शिवाशिवी रे,
एकाने दुसऱ्याला धरायचं, दोघांनी तिसऱ्याला,
बघता बघता अंगणभर रांग.
हा मधे शिरतो आणि नुसते हात सोडवतो.
सोडवून पुन्हा मोकळा,
पुढच्या जोडीकडे.
आमची आई दिवा विझला असं कधी म्हणाली नाही,
शांत झाला म्हणायची.
तिला हा गॅस लगेच समजला असता.

"मग काढून का नेताय?"

कारण वर, ढगांच्याही वर गेला
तरी त्याला दुसरं काही येत नाही.
तिथेही हात सोडवत बसतो.
ओझोनचे.
एकदा निसटला की पासष्ट वर्षं.

मग एकेक टाकी वजनकाट्यावर.
पहिली भरली. दुसरी भरली.
सातवी
अकरा किलो कमी.
पुन्हा चढवली. अकरा किलो.
झडपेच्या चुडीशी कुठेतरी केसाएवढी फट,
आणि काटा मात्र तसाच, हिरव्यात.

ट्रँटरला समजावणं मला जमलं नाही.
की वरून नायट्रोजन दाबून भरलेला असतो,
काटा त्याचा दाब सांगतो,
आतला ऐवज नाही सांगत.
की वास नसलेल्या गोष्टी
सही करणाऱ्याच्या शेजारून निघून जातात.
तो शेल्फांकडे बघत होता:
गावोगावच्या बारशांच्या नोंदी,
शिशाच्या खाणीत उतरलेल्यांचे पगार,
अंगठे, फुल्या,
हरणाच्या कातड्यात बांधलेलं कोणाचं तरी शेत.
"त्या रात्री लागली असती तर?"
कुठल्या रात्री, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुपारी ट्रक आला.
गॅस फेकत नाहीत, म्हटलं, गाळून साठवतात,
विमानांना अजून लागतो.
त्याने मान हलवली.
मग वही उघडली, वार गुरुवार,
काट्याच्या रकान्यात लिहिलं, "हिरव्यात,"
शेजारी समास आखून, "अकरा किलो गेले,"
आणि सही केली,
नेहमीपेक्षा सावकाश.

फेब्रुवारीत नागपूरला निघाले.
फ्रँकफर्टनंतर दिवे मंद झाले,
पलीकडचा मुलगा पायमोजे काढून झोपला.
आमच्या पावलांखाली, सामानाच्या पोटात,
तोच उभा असणार, पट्टा बांधून.
खिडकीबाहेर काळोख.
त्यात कुठेतरी ते अकरा किलोही,
कोणाचे तरी हात सोडवत.
काटा हिरव्यात असेल, म्हटलं.
डोळे मिटले.
वजन केलं असेल ना कोणी?